घरबसल्या मशीन लर्निंग आणि संख्याशास्त्र कसे शिकावे

मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला डेटावरून शिकून अंदाज वर्तवायला लावण्याचे तंत्र, शिकायला आज साधनांची वाण नाही. अडचण आहे ती साधने फार झाल्याची. नामांकित विद्यापीठांतील व्याख्याने यूट्यूबवर विनामूल्य आहेत, ज्या पुस्तकांवरून तिथे शिकवले जाते त्यांतील कित्येकांच्या पीडीएफ लेखकांनीच खुल्या ठेवल्या आहेत, आणि तरीही घरी शिकणारे पुष्कळ जण न्यूरल नेटवर्कवरचे दहा-बारा व्हिडिओ पाहून आणि इकडचा तिकडचा कोड उतरवून मधेच थांबतात. व्हिडिओ पाहताना सगळे समजत असल्यासारखे वाटते. तीच आकडेमोड दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर करायला घेतली की पेन्सिल दुसऱ्या ओळीवर अडते. म्हणून येथे सुचवलेली पद्धत अशी आहे: एकच पुस्तक पाया म्हणून धरावे, व्हिडिओ त्याच्या सोबतीला ठेवावेत, आणि प्रत्येक नवी पद्धत आधी हाताने व मग कोड लिहून करून पाहावी. संख्याशास्त्र हा मशीन लर्निंगच्या आधी उरकून टाकायचा विषय मानू नये. मॉडेलने, म्हणजे डेटावरून शिकलेल्या सूत्राने, दिलेल्या उत्तरावर किती विसंबायचे हे सांगणारे शास्त्र तेच आहे, त्यामुळे ते शेवटपर्यंत सोबत चालते.

सुरुवातीला किती गणित लागते

बारावीच्या विज्ञान शाखेचे गणित झालेले असेल तर सुरुवातीपुरती शिदोरी हाताशी आहे असे समजावे. तीन गोष्टींची उजळणी मात्र करावीच लागते: व्हेक्टर आणि मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, आणि संभाव्यता. व्हेक्टर-मॅट्रिक्ससाठी ग्रँट सँडरसन यांच्या थ्री-ब्लू-वन-ब्राऊन या वाहिनीवरील २०१६ सालची रेषीय बीजगणिताची छोटी व्हिडिओमाला आधी पाहावी. मॅट्रिक्सने गुणणे म्हणजे अवकाश ताणणे, फिरवणे किंवा चपटे करणे, हे तिच्यात डोळ्यांना दिसते. तेवढ्याने आकडेमोडीचा सराव होत नाही, म्हणून त्यानंतर एमआयटीतील गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या गाजलेल्या व्याख्यानांपैकी एलिमिनेशन, प्रोजेक्शन आणि आयगेनव्हॅल्यू यांवरची व्याख्याने वही उघडी ठेवून पाहावीत. त्यांतही प्रोजेक्शनवर जास्त वेळ घालवावा, कारण पुढे येणारे लीस्ट स्क्वेअर्स रिग्रेशन (डेटाला सर्वांत नीट जुळणारी रेषा बसवणे) हे भूमितीच्या दृष्टीने प्रोजेक्शनच आहे.

संभाव्यतेसाठी हार्वर्डमधील जो ब्लिट्झस्टाइन यांच्या ‘स्टॅट ११०’ या अभ्यासक्रमाची व्याख्याने माझ्या मते सर्वांत उत्तम आहेत. सशर्त संभाव्यता, बेजचा नियम, अपेक्षित मूल्य आणि नॉर्मल वितरण इथपर्यंतचा भाग क्रमाने करावा आणि उरलेला गरज पडेल तसा करावा. त्यांच्या पुस्तकाची ऑनलाइन प्रत विनामूल्य वाचता येते आणि त्यातील उदाहरणे सोडवणे हाच खरा अभ्यास आहे. या विषयात ऐकून पटलेली गोष्ट आणि स्वतः सोडवता येणारी गोष्ट यांत फार मोठे अंतर असते.

या पूर्वतयारीला दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ देऊ नये. आधी सगळे गणित पक्के करू आणि मगच मशीन लर्निंगला हात घालू, असे ठरवणारे बहुधा गणितातच अडकून पडतात. पायथॉनचेही तसेच आहे: लूप, फंक्शन, लिस्ट, आणि नमपाय व पँडास या लायब्ररींचा प्राथमिक वापर एवढे सुरुवातीला पुरते. साधा लॅपटॉप चालतो, आणि गुगल कोलॅब ब्राउझरमध्येच उघडत असल्याने काही इन्स्टॉल करण्याचीही गरज नाही. जीपीयू विकत घेण्याचा विचार या टप्प्यावर मनातही आणू नये.

पायाचे पुस्तक

पाया म्हणून ‘ॲन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ हे पुस्तक घ्यावे. गॅरेथ जेम्स, डॅनिएला विटन, ट्रेव्हर हेस्टी आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांचे हे पुस्तक २०१३ साली प्रथम आले, २०२१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, आणि २०२३ मध्ये जोनाथन टेलर यांच्या सहभागाने पायथॉनमधील आवृत्ती आली. आधीच्या आवृत्त्यांतील कोड आर या भाषेत आहे. नव्याने शिकणाऱ्याने पायथॉनची आवृत्ती घ्यावी. तिची पीडीएफ लेखकांच्या संकेतस्थळावरून कायदेशीरपणे उतरवून घेता येते. हेस्टी आणि टिब्शिरानी यांनी स्टॅनफर्डच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी याच पुस्तकावर दिलेली व्याख्याने यूट्यूबवर आहेत, आणि हा या पुस्तकाचा मोठा लाभ आहे: पुस्तकाचा क्रम आणि व्याख्यानांचा क्रम एकच असल्याने शिकणाऱ्याला जोडाजोड करत बसावे लागत नाही.

पहिली सहा प्रकरणे एकही न वगळता करावीत. दुसऱ्या प्रकरणातील बायस (मॉडेल फार साधे असल्याने होणारी चूक) आणि व्हेरिअन्स (डेटा बदलला की मॉडेलही बदलणे) यांची ओढाताण हा पुढच्या सगळ्या विषयाचा गाभा आहे. मॉडेल जितके लवचीक तितके ते ट्रेनिंग डेटाला, म्हणजे ज्यावरून ते शिकले त्या डेटाला, चिकटून बसते, पण नव्या डेटावरची चूक एका मर्यादेपर्यंतच कमी होते आणि मग पुन्हा वाढू लागते, हे तिथल्या आलेखांत स्पष्ट दिसते. ते आलेख नुसते पाहून पुढे जाऊ नये. स्वतः बनवलेल्या डेटावर ते काढून पाहावेत. तिसऱ्या प्रकरणात दोनशे बाजारपेठांतील जाहिरातखर्चाचा डेटा आहे. त्यात वृत्तपत्रातील जाहिरातींचा विक्रीशी संबंध एकेकटा तपासला तर ठळक दिसतो, आणि टीव्ही व रेडिओ सोबत घेतले की तो जवळजवळ नाहीसा होतो, कारण ज्या बाजारपेठांत रेडिओवर अधिक खर्च झाला आहे तिथे वृत्तपत्रांवरही अधिक होण्याकडे कल आहे. हे उदाहरण नीट पचवलेला माणूस पुढे आयुष्यभर ‘हे वाढले की तेही वाढते’ अशा विधानाकडे सावधपणे पाहतो.

सहाव्यानंतर आठवे प्रकरण, म्हणजे डिसिजन ट्री, रँडम फॉरेस्ट आणि बूस्टिंग, हे घ्यावे, कारण तक्त्यांच्या रूपातील डेटावर व्यवहारात आजही याच पद्धती सर्वाधिक उपयोगी पडतात. बाराव्या प्रकरणात प्रिन्सिपल कॉम्पोनंट ॲनालिसिस, म्हणजे अनेक स्तंभांतील माहिती मोजक्या नव्या स्तंभांत आणण्याची पद्धत, येते. ते शिकताना मराठी वाचकाने एक गोष्ट जाणून घ्यावी: याच कल्पनेचा फलनांपर्यंतचा विस्तार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना प्रसिद्ध केला होता. तो विस्तार पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखला गेला, आणि आता अनेक ठिकाणी त्याला कोसंबींचे नावही जोडले जाते. तेरावे प्रकरण, एकाच वेळी अनेक चाचण्या करण्याचे धोके, हे बहुतेक जण सोडून देतात. ते सोडू नये. अकरावे प्रकरण गरज लागेल तेव्हा पाहिले तरी चालते.

व्हिडिओ कसा पाहावा

आधी पुस्तकातील भाग वाचावा, मग त्यावरचे व्याख्यान पाहावे. हा क्रम उलटा केला की वक्त्याच्या ओघात अवघड जागा सहज ओलांडल्या जातात आणि त्या अवघड होत्या हेच लक्षात येत नाही. आधी वाचलेले असले की आपण नेमके कुठे अडलो हे ठाऊक असते, आणि व्याख्यानात ती जागा आली की कान आपोआप टवकारले जातात. व्याख्यान संपल्यावर पुस्तक आणि स्क्रीन दोन्ही बंद करून अर्धे पान लिहावे, आणि ते मराठीत लिहावे. रिग्रेशन, व्हेरिअन्स हे शब्द तसेच राहू द्यावेत, पण त्यांच्याभोवतीची वाक्ये आपली असावीत. ‘लासो काही गुणक शून्य का करतो आणि रिज का करत नाही’ (या दोन्ही रिग्रेशनचे गुणक आवळून लहान ठेवण्याच्या पद्धती आहेत) हे आपल्या भाषेत चार वाक्यांत मांडता आले नाही, तर तो भाग पुन्हा वाचायचा आहे असे समजावे.

एखादी संकल्पना पुस्तकातूनही उलगडेना तेव्हा जॉश स्टार्मर यांच्या स्टॅटक्वेस्ट या वाहिनीकडे वळावे. अत्यंत लहान डेटा घेऊन एकेक पायरी दाखवण्याची त्यांची रीत अडलेल्या माणसाला फार उपयोगी पडते. परंतु हे व्हिडिओ औषधासारखे, अडेल तेव्हाच घ्यावेत. त्यांचाच मुख्य आहार केला तर अनेक सुटे तुकडे हाती येतात आणि ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत हे कळत नाही.

ज्यांना स्वतःहून नियमितपणा राखणे जड जाते त्यांनी एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचा, विचार अवश्य करावा. आयआयटी मद्रासचे बालरामन रवींद्रन यांचा मशीन लर्निंगवरील प्राथमिक अभ्यासक्रम आणि मितेश खापरा यांचा डीप लर्निंगवरील अभ्यासक्रम हे दोन्ही गणिताच्या बाबतीत काटेकोर आहेत. नोंदणी आणि व्याख्याने विनामूल्य असतात, दर आठवड्याला मुदतीसह स्वाध्याय येतो, आणि प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून प्रत्यक्ष केंद्रावर परीक्षा देता येते. प्रमाणपत्रापेक्षा त्या साप्ताहिक मुदतीचा उपयोग जास्त आहे.

हाताने करायची आकडेमोड

रिग्रेशनचे प्रकरण आले की कोड लिहिण्याआधी पाच बिंदू घेऊन कागदावर रेषा बसवावी. क्ष च्या किमती १, २, ३, ४, ५ आणि त्यांच्यासमोर य च्या किमती ३, ४, ८, ७, ८ अशा घ्याव्यात. क्ष ची सरासरी ३ आणि य ची सरासरी ६ येते. प्रत्येक किमतीतून तिची सरासरी वजा करून दोन्ही फरकांचे गुणाकार घेतले तर ६, २, ०, १, ४ असे मिळतात आणि त्यांची बेरीज १३ होते. क्ष च्या फरकांच्या वर्गांची बेरीज १० आहे, म्हणून रेषेचा चढ १.३, आणि ६ मधून १.३ गुणिले ३ वजा केले की इंटरसेप्ट (क्ष शून्य असताना रेषेवरील य ची किंमत) २.१ मिळतो. या रेषेने वर्तवलेल्या किमती ३.४, ४.७, ६.०, ७.३ आणि ८.६ आहेत, तर प्रत्यक्ष किमतींशी असलेले फरक, म्हणजे रेसिड्यूअल, उणे ०.४, उणे ०.७, २.०, उणे ०.३ आणि उणे ०.६ असे आहेत. त्यांची बेरीज शून्य येते, आणि ती तशी यायलाच हवी.

खरे शिक्षण इथून पुढे आहे. रेसिड्यूअलच्या वर्गांची बेरीज ५.१० येते आणि तीत एकट्या तिसऱ्या बिंदूचा वाटा ४ आहे. रेसिड्यूअलचा वर्ग घेतल्यामुळे एक दूरचा बिंदू संपूर्ण हिशेबावर कसा स्वार होतो, हे या एका आकड्यात दिसते. य च्या एकूण फरकांच्या वर्गांची बेरीज २२ आहे, म्हणून आर-स्क्वेअर, म्हणजे य मधील चढउतारापैकी रेषेने टिपलेला वाटा, १ वजा ५.१० भागिले २२, सुमारे ०.७७ येतो. आता तिसरा बिंदू काढून टाकून हीच आकडेमोड पुन्हा करावी. चढ १.३ च राहतो, इंटरसेप्ट फक्त १.६ वर येतो, आणि वर्गांची बेरीज ५.१० वरून ०.१० इतकी खाली येते. एवढा विचित्र बिंदू काढूनही चढ हलला नाही, कारण त्याची क्ष ची किंमत बरोबर सरासरीवर होती. मग मूळ पाच बिंदूंकडे परत येऊन शेवटच्या बिंदूची य ची किंमत ८ ऐवजी १० करून पाहावी: चढ लगेच १.७ होतो. तिसऱ्या बिंदूची किंमत ८ वरून १० केली असती तर चढात काडीचाही फरक पडला नसता. टोकाचा बिंदू रेषेला फिरवतो, मधला बिंदू तिला केवळ वरखाली सरकवतो. पुस्तकात ‘लेव्हरेज’ या नावाने जे येते ते हेच, आणि ते असे हाताखालून गेले की पुन्हा पाठ करावे लागत नाही. त्यानंतर हेच पाच बिंदू सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीला देऊन तेच आकडे येतात का ते पाहावे.

लॉजिस्टिक रिग्रेशनसाठी (दोन वर्गांपैकी एकाची संभाव्यता वर्तवणारी पद्धत) सहा बिंदूंवर ग्रेडियंट डिसेंटच्या, म्हणजे चूक कमी होईल त्या दिशेने गुणक थोडे थोडे सरकवण्याच्या, दोन पायऱ्या आणि डिसिजन ट्रीसाठी आठ ओळींच्या तक्त्यावर पहिले विभाजन, एवढे तरी अशाच रीतीने करावे. सपोर्ट व्हेक्टर मशीन मात्र हाताने करत बसण्यात फारसा लाभ नाही.

संख्याशास्त्र जिथे हात धरते

पाचवे प्रकरण क्रॉस-व्हॅलिडेशनचे आहे, म्हणजे डेटाचे भाग पाडून दर वेळी एक भाग तपासणीसाठी बाजूला ठेवण्याचे. त्याच लेखकमंडळींपैकी हेस्टी व टिब्शिरानी आणि त्यांच्यासोबत जेरोम फ्रीडमन यांच्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग’ या अधिक प्रगत पुस्तकात एक प्रयोग दिला आहे. शिकणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतः करून पाहावा असा माझा आग्रह आहे. ५० नमुने घ्यायचे, त्यांतले निम्मे एका वर्गाचे आणि निम्मे दुसऱ्या. प्रत्येक नमुन्याला ५००० स्तंभ द्यायचे, आणि ते सगळे निव्वळ यादृच्छिक आकड्यांनी भरायचे. म्हणजे कोणत्याही स्तंभाचा वर्गाशी काहीही संबंध नाही, आणि कोणत्याही मॉडेलची खरी चूक ५० टक्केच असायला हवी. आता सगळ्या ५० नमुन्यांवरून वर्गाशी सर्वाधिक सहसंबंध दाखवणारे १०० स्तंभ निवडायचे आणि तेवढेच स्तंभ ठेवून सर्वांत जवळच्या एका शेजाऱ्याच्या पद्धतीने (नमुन्याला त्याच्याशी सर्वांत मिळत्या नमुन्याचा वर्ग देऊन) क्रॉस-व्हॅलिडेशन करायचे. लेखकांना अशा ५० प्रयोगांत मिळून सरासरी ३ टक्के चूक मिळाली. डेटामध्ये शिकण्यासारखे काहीच नसताना मॉडेल ९७ टक्के बरोबर असल्याचे दिसले.

गफलत क्रमात आहे. स्तंभ निवडताना ज्या नमुन्यांची उत्तरे पाहिली, तेच नमुने नंतर ‘न पाहिलेले’ म्हणून तपासणीला वापरले गेले. योग्य रीत म्हणजे क्रॉस-व्हॅलिडेशनच्या प्रत्येक फेरीत आधी एक भाग बाजूला काढायचा आणि स्तंभांची निवड उरलेल्या भागावरूनच करायची. तसे केले की चूक पुन्हा ५० टक्क्यांच्या आसपास येते. सायकिट-लर्नमधील पाइपलाइन याच कामासाठी आहे. दोन्ही प्रकारे कोड लिहून, यादृच्छिक आकड्यांचे बीज (सीड, म्हणजे आकडे तयार होण्याचा आरंभबिंदू) दर वेळी बदलून पाच-दहा वेळा चालवावा. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण दोन रीतींमधील दरी कायम दिसेल. रिकाम्या जागा सरासरीने भरणे किंवा आकडे एका मापावर आणणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टींतूनही टेस्ट डेटाची, म्हणजे तपासणीसाठी राखून ठेवलेल्या डेटाची, माहिती अशीच झिरपते, परिणाम तुलनेने कमी असतो इतकेच.

आपला डेटा

पुस्तकातील स्वच्छ डेटावर हात बसला की एखादा जवळचा, अस्ताव्यस्त डेटा घ्यावा. लासलगाव बाजार समितीतील कांद्याचे भाव हे त्यासाठी उत्तम आहेत. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर दिवसागणिक मिळतात. बाजार बंद असलेले दिवस त्यात नाहीत, एखादा आकडा डोळ्यांना खटकण्याइतका चुकीचा दिसतो, लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांचे हंगाम वेगळे आहेत, आणि या सगळ्याचे काय करायचे ते आपल्याला ठरवावे लागते.

येथे ट्रेनिंग आणि टेस्ट असे यादृच्छिक विभाजन कधीही करू नये. मंगळवार टेस्टमध्ये आणि सोमवार-बुधवार ट्रेनिंगमध्ये गेले तर मॉडेलला मंगळवारचा भाव जवळजवळ सांगितल्यासारखाच होतो. तारखेची एक रेघ मारावी: तिच्या आधीचे सगळे ट्रेनिंग, नंतरचे सगळे टेस्ट. दुसरे असे की कोणतेही मॉडेल बांधण्याआधी ‘आजचाच भाव उद्याचा’ एवढाच अंदाज वर्तवून त्याची सरासरी चूक काढून ठेवावी. या साध्या अंदाजाला मागे टाकणे वाटते त्याहून पुष्कळ कठीण आहे, आणि रँडम फॉरेस्ट त्याच्या पुढे जात नसेल तर तसे वहीत स्पष्ट लिहावे. टेस्ट डेटाचा काळ निवडताना बाजाराबाहेरच्या घटनाही लक्षात घ्याव्यात: डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. केवळ मागील भाव पाहिलेल्या मॉडेलला असा निर्णय आधी कळणे शक्य नसते, आणि त्या महिन्यांतील चुकांचा आलेख वेगळा काढून पाहिला की मॉडेलच्या मर्यादा कुठल्याही व्याख्यानापेक्षा अधिक स्पष्ट होतात.

डीप लर्निंगकडे वळताना

एवढे झाल्यावर, आणि शक्यतो एवढे झाल्यावरच, डीप लर्निंगकडे वळावे. वर उल्लेखलेले ‘एलिमेंट्स’ मुखपृष्ठापासून वाचण्याचे पुस्तक नाही. पायाच्या पुस्तकातील एखादा भाग अधिक खोलात हवा असेल तेव्हा त्यातील तेवढाच भाग काढावा. त्याचीही पीडीएफ खुली आहे. न्यूरल नेटवर्कसाठी थ्री-ब्लू-वन-ब्राऊनची चित्रमय व्हिडिओमाला ओळखीपुरती पाहून थेट आंद्रे कार्पथी यांच्या ‘झीरो टू हीरो’ या मालेवर यावे. तिच्या पहिल्या व्याख्यानात ते कोणत्याही तयार लायब्ररीविना, मोजक्या ओळींच्या पायथॉनमध्ये बॅकप्रोपगेशन, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक वजनाचा चुकीवर किती परिणाम होतो हे मागच्या दिशेने काढण्याची रीत, लिहून दाखवतात. ते व्याख्यान एकदा पूर्ण पाहावे, मग बंद करून तोच कोड कोऱ्या फाइलमध्ये स्वतः लिहावा, आणि अडल्यास फक्त अडलेल्या जागेपुरतेच मागे जावे. लिहून झाल्यावर प्रत्येक वजनाचा ग्रेडियंट दुसऱ्या मार्गाने पडताळावा: ते वजन ०.०००१ ने वाढवून आणि तेवढेच कमी करून लॉसमधील (मॉडेलच्या चुकीच्या मापातील) फरक मोजावा आणि त्याला ०.०००२ ने भागावे. हा आकडा आणि आपल्या कोडने दिलेला ग्रेडियंट हे चार-पाच दशांश स्थळांपर्यंत जुळले, की पुढचे व्याख्यान सुरू करावे.